फोटो पुसला होता, मग दिसला कसा? घरातला टॅब, प्रिव्ह्यू आणि आपल्या खासगी फाइली

तेरहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना टॅब समोर ठेवून एकेक सेटिंग करत जायचंय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या निरोपातून आला. हे सांगायला त्यांनी परवानगी दिलीय, तरी गाव, नाती आणि बारीकसारीक तपशील मी बदललेत. विषय खासगीपणाचा आहे, तिथे आपणच गळती केली तर काय उपयोग?

ताईंचं एकत्र कुटुंब. घरात एक दहा इंची टॅब, पुतण्याला बारावीच्या अभ्यासासाठी एका योजनेतून मिळालेला. दिवसा त्यावर पुतण्याचे क्लास, संध्याकाळी आजोबांचं कीर्तन, रात्री ताईंच्या मिस्टरांचं व्हॉट्सअ‍ॅप आणि सोयाबीनचे भाव. ताईंचे मूल होण्यासाठी उपचार चालू होते आणि हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. लॅबने तपासणीच्या रिपोर्टचा फोटो मिस्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी तो डॉक्टरांना पुढे पाठवला आणि मोबाइलच्या गॅलरीतून पुसून टाकला. पुढे घरी संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं. पुतण्याने बायकांना सहलीचे फोटो दाखवायला टॅब काढला आणि वेरूळच्या लेण्यांच्या फोटोंमध्ये तो रिपोर्ट आला.

कुणी तो उघडला नाही. उघडायची गरजच पडली नाही. त्या छोट्या चौकोनात ताईंचं नाव आणि तपासणीचं नाव दोन्ही वाचता येत होतं. त्यानंतर आठवडाभर गल्लीत काय बोललं गेलं असेल, ते मी सांगायला नको.

ताईंनी विचारलं, "दादा, फोटो तर पुसला होता. मग दिसला कसा?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरात तीन-चार गोष्टी गुंतल्यात. त्या आज सोडवून बघू.

प्रिव्ह्यू म्हणजे वेगळी प्रत

पहिली गोष्ट. गॅलरी उघडल्यावर जे छोटे छोटे चौकोन दिसतात ते तुमचे फोटो नसतात. ती त्या फोटोंची वेगळी, लहान चित्रं असतात. त्यांना थंबनेल म्हणतात.

हे असं का करतात? हिशोब करा. मोबाइलचा साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. स्क्रीनवर दाखवताना एका ठिपक्याला ४ बाइट मेमरी लागते, म्हणजे एका फोटोला सुमारे ४८ एमबी. गॅलरीत एका वेळी २० फोटो दिसतात असं धरलं तर जवळजवळ १ जीबी मेमरी नुसती फोटो दाखवायला गेली. स्वस्तातल्या टॅबमध्ये रॅमच ३-४ जीबी असते. बोट वर सरकवलं की टॅब गारठणार.

म्हणून अँड्रॉइड प्रत्येक फोटोची एक लहान प्रत करून ठेवतं. समजा ५१२ बाय ३८४ ठिपक्यांची. तिला १ एमबीसुद्धा मेमरी लागत नाही. गॅलरी भराभर उघडते ती यामुळे. यात कुणाचा वाईट हेतू नाही, ही सरळ सोय आहे. पण या सोयीचा अर्थ असा, की तुमच्या एका फाइलच्या न कळत दोन-तीन प्रती होतात आणि फाइलचं जे कराल ते तिच्या सगळ्या प्रतींचं आपोआप होईलच असं नाही.

आमच्या तेरचं उदाहरण देतो. हे गाव म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. इथल्या लामतुरे संग्रहालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तेरच्या मातीत रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं सापडलीत. ज्या नाण्यावरून नक्कल केली ते नाणं कुठल्या कुठे गेलं असेल, पण त्याचा ठसा मातीत राहिला आणि आज आपण तो बघतो. थंबनेलचं तसंच आहे. मूळ वस्तू गेली म्हणून ठसा जात नाही.

जुन्या अँड्रॉइडमध्ये हे अगदी उघड होतं. कॅमेऱ्याच्या फोल्डरशेजारी थंबनेलचं एक लपलेलं फोल्डर असायचं आणि फोटो पुसल्यावरही त्यातली लहान चित्रं कितीतरी दिवस पडून राहायची. नव्या अँड्रॉइडमध्ये मूळ फोटो पुसला की सिस्टीम आपलं थंबनेलही काढते. पण दुसऱ्या कंपन्यांची गॅलरी अ‍ॅप आणि फाइल मॅनेजर आपापली वेगळी थंबनेल साठवतात आणि त्यांची सफाई त्यांच्या सवडीने होते.

आणि टॅबवर हे जास्त का बोचतं? साडेसहा इंची मोबाइलच्या मानाने दहा इंची टॅबच्या स्क्रीनचं क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट असतं. मोबाइलवर जो चौकोन नुसता पांढरा कागद वाटतो, त्यावरची मोठी अक्षरं टॅबवर वाचता येतात. त्यात मोबाइल एकाच्या हातात असतो आणि टॅब चार जणांच्या मध्ये ठेवलेला असतो.

खासगी गोष्ट कुठून डोकावते?

ठिकाणं मुख्यतः चार आहेत.

पहिलं ठिकाण गॅलरी. अँड्रॉइडमध्ये सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या साठवणीवर एक यंत्रणा सतत नजर ठेवून असते. नवीन फोटो किंवा व्हिडिओ आला की ती त्याची नोंद करते. ही नोंद सगळ्या गॅलरी अ‍ॅपना मिळते. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो सहलीच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो.

ताईंच्या घरी नेमकं हेच झालं. मिस्टरांनी आपलं व्हॉट्सअ‍ॅप टॅबलाही जोडलं होतं. एका व्हॉट्सअ‍ॅपला चारपर्यंत जादा उपकरणं जोडता येतात. जोडलेला टॅब मोबाइलचा आरसा नसतो, तो स्वतः फोटो डाउनलोड करून स्वतःकडे साठवतो. मिस्टरांनी मोबाइलच्या गॅलरीतून फोटो पुसला तेव्हा मोबाइलवरची फाइल गेली. टॅबवर उतरलेली फाइल वेगळी होती आणि तिला कुणी हातच लावला नव्हता. त्यामुळे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं, की जो पुसला तो फोटो दिसलाच नाही, दिसला तो त्याचा जुळा भाऊ.

दुसरं ठिकाण नोटिफिकेशन. टॅब लॉक असला तरी स्क्रीन उजळते आणि निरोपाची पहिली ओळ दिसते. फोटो आला असेल तर कधी कधी त्याचं छोटं चित्रही. टॅब टेबलावर उभा ठेवून आजोबा कीर्तन ऐकत असतील तर ती ओळ अख्ख्या खोलीला दिसते.

तिसरं ठिकाण म्हणजे नुकतीच वापरलेली अ‍ॅप दाखवणारी स्क्रीन. चौकोनाचं बटण दाबलं किंवा खालून वर बोट ओढलं की मागे उघडलेल्या अ‍ॅपची पत्त्यांसारखी रांग येते. अ‍ॅप सोडताना सिस्टीमने काढून ठेवलेलं ते चित्र असतं. तुम्ही रिपोर्टची पीडीएफ वाचली आणि होमचं बटण दाबून टॅब ठेवून दिला, तर पुढच्या माणसाला त्या रांगेत तुमचं पान दिसेल. बँकेच्या अ‍ॅपचा पत्ता मात्र कोरा असतो, बघितलंय का? आम्ही प्रोग्रॅमर लोक एक ओळ लिहून सिस्टीमला सांगू शकतो की या स्क्रीनचं चित्र काढू नकोस, स्क्रीनशॉटही घेऊ देऊ नकोस. बँका ते करतात. साधी पीडीएफ वाचायची बहुतेक अ‍ॅप करत नाहीत.

चौथं ठिकाण क्लाउड. एकच गूगल खातं बाबांच्या मोबाइलवर, घरच्या टॅबवर आणि टीव्हीवर टाकलं आणि फोटोंचा बॅकअप चालू असला, तर मोबाइलवर काढलेला फोटो टॅबच्या गूगल फोटोजमध्ये येऊन बसतो. कुणी कुणाला पाठवला नाही, तरीही. शिवाय 'मागच्या वर्षीच्या आठवणी' म्हणून तो आपणहून वरही येऊ शकतो.

लपवणं वेगळं, कुलूप लावणं वेगळं

आता उपायांकडे येऊ. इथे एक फरक नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

इंटरनेटवर शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल तो 'नोमीडिया' फाइलचा. ज्या फोल्डरमधले फोटो गॅलरीत नको असतील तिथे एक रिकामी फाइल ठेवायची. तिच्या नावात आधी एक टिंब आणि त्याला जोडून इंग्रजी अक्षरांत 'नोमीडिया'. बस. अँड्रॉइडची यंत्रणा त्या फोल्डरमध्ये अशी फाइल बघते आणि आतलं काही नोंदवत नाही. गॅलरीत फोटो नाही, थंबनेल नाही. तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डरसाठी हा उपाय चांगला चालतो.

पण हे कुलूप नाही. ही दारावर लावलेली 'आत येऊ नये' अशी पाटी आहे. गॅलरी शहाणी, म्हणून पाटी पाळते. फाइल मॅनेजर उघडून त्या फोल्डरमध्ये गेलं की सगळं समोर. एसडी कार्ड काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं तरी तेच.

खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन. फाइलमधला मजकूर किल्लीशिवाय वाचताच येऊ नये असा बदलून ठेवणं. याचं उदाहरण तुमच्याकडे आहेच. आधारच्या संकेतस्थळावरून ई-आधारची पीडीएफ उतरवली असेल तर ती पासवर्ड मागते आणि पासवर्ड टाकेपर्यंत तिच्या पहिल्या पानाचं थंबनेल येत नाही. कारण प्रिव्ह्यू करणाऱ्या अ‍ॅपलाही आतलं वाचता येत नाही. जे वाचता येत नाही त्याचं चित्र काढणार कसं?

मात्र दोन सावधगिऱ्या. तो पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. बाहेरच्या चोराला थोडा अवघड, घरातल्या माणसाला सोपा. आणि ती पीडीएफ उघडून तुम्ही स्क्रीनशॉट काढलात, तर तो स्क्रीनशॉट साधा फोटो असतो. तो गॅलरीत जातो आणि त्याचं थंबनेल होतं. एवढं कुलूप लावून झेरॉक्स बाहेर ओट्यावर ठेवल्यासारखं झालं.

कॅल्क्युलेटरसारखी दिसणारी आणि आत फोटो लपवणारी अ‍ॅप मिळतात, त्यांच्याबद्दलही श्रोते विचारतात. माझं मत, टाळा. त्यातली काही फाइल नुसती एका लपलेल्या फोल्डरमध्ये सरकवतात, म्हणजे पुन्हा पाटीच. अ‍ॅप काढून टाकलं की फोटो गेले, असाही प्रकार होतो. आणि आपले सगळ्यात खासगी फोटो एका अनोळखी अ‍ॅपच्या हवाली करण्यात शहाणपण काय?

टॅब घ्या हातात, एकेक करू

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक सरळ फोटो लपवण्यापासून सुरुवात करतात. तसं करू नका.

एक. टॅबला पिन लावा. लहान मुलं वापरतात म्हणून कितीतरी घरांत टॅबला लॉकच नसतं. लॉक नसेल तर पुढचे निम्मे उपाय नुसते कागदावर राहतात.

दोन. वापरणारे वेगळे करा. आजच्या भागातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. अँड्रॉइडच्या ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, टॅबवर एकापेक्षा जास्त यूजर करता येतात. सेटिंग्जमध्ये सिस्टीम किंवा यूजर्स असं शोधा, 'मल्टिपल यूजर्स' चालू करा आणि नवीन यूजर बनवा. काही स्वस्त टॅबमध्ये कंपनीने ही सोय बंद ठेवलेली असते, पण बऱ्याच टॅबमध्ये ती असते. प्रत्येक यूजरचं व्हॉट्सअ‍ॅप वेगळं, गॅलरी वेगळी, गूगल खातं वेगळं, फाइलींची जागा वेगळी. पुतण्या त्याच्या यूजरमध्ये गॅलरी उघडेल तेव्हा काकांचे फोटो लपवायची गरजच नाही, कारण ते तिथे नसतातच. प्रत्येकाने आपल्या यूजरला स्वतःचा पिन लावायचा. वरून पट्टी ओढली की यूजर बदलायचं चित्र दिसतं, दोन सेकंदांचं काम. तोटा एकच, जागा जास्त लागते. ३२ जीबीच्या टॅबवर चार यूजर कोंबू नका. एक अभ्यासाचा, एक घरातल्या मोठ्यांचा, एवढं पुरतं.

तीन. व्हॉट्सअ‍ॅप कुठे कुठे जोडलंय ते बघा. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. ओळखीचा नसलेला किंवा गरज नसलेला टॅब, कॉम्प्युटर दिसला की लॉग आउट करा. नेट कॅफेत कधी काळी फॉर्म भरायला जोडलेलं असेल तर तेही तिथेच दिसेल.

चार. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंना गॅलरीत जाऊ देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये, चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा. टॅबवरही व्हॉट्सअ‍ॅप असेल तर टॅबवर जाऊन वेगळं तपासा. हे सेटिंग फक्त इथून पुढे येणाऱ्या फोटोंना लागू होतं. जुने फोटो गॅलरीत तसेच राहतात, ते हाताने काढावे लागतात. 'बंद केलं तरी दिसतायत' अशी तक्रार येते ती यामुळे. सोबत 'मीडिया ऑटो डाउनलोड'ही बंद करा, म्हणजे हात लावल्याशिवाय काही उतरणारच नाही.

पाच. नोटिफिकेशनचा मजकूर झाका. सेटिंग्ज, नोटिफिकेशन, लॉक स्क्रीन. तिथे 'सेन्सिटिव्ह' मजकूर न दाखवण्याचा पर्याय असतो. निरोप आला एवढं कळतं, काय आला ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट लॉकही २०२३ पासून आहे. एखादं विशिष्ट संभाषण, समजा डॉक्टरांचं, त्यात टाकलं की त्याच्या नोटिफिकेशनमध्येही नाव आणि मजकूर येत नाही.

सहा. खरोखर खासगी फाइली कुलपाच्या जागी हलवा. फोटोंसाठी गूगल फोटोजमधलं 'लॉक्ड फोल्डर'. त्यात टाकलेला फोटो गॅलरीत, आठवणींत, शोधात, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये कुठेही दिसत नाही. पीडीएफसाठी गूगलच्या फाइल्स अ‍ॅपमधलं 'सेफ फोल्डर'. सॅमसंगच्या अनेक टॅबवर 'सिक्युअर फोल्डर' असतं, त्यात अख्खं अ‍ॅपसुद्धा ठेवता येतं. इथे दोन इशारे लिहून ठेवा. सेफ फोल्डरचा पिन विसरलात तर आतल्या फाइली परत मिळत नाहीत, कुणाकडूनही नाही. आणि लॉक्ड फोल्डरचा बॅकअप चालू केलेला नसेल, तर गूगल फोटोज अ‍ॅप काढून टाकल्यावर किंवा त्याचा डेटा पुसल्यावर आतले फोटो जातात. जमिनीचा व्यवहार, ऑपरेशनचे कागद अशा गोष्टींची एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका. आधार, दहावी-बारावीची गुणपत्रिका, लायसन्स यांच्यासाठी तर गॅलरी ही जागाच नाही. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, तिथून लागेल तेव्हा काढा. आणि कुणाला आधारची प्रत पाठवायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार उतरवून पाठवा.

सात. जुनं साफ करा. गॅलरीतून फोटो पुसला की तो आधी ट्रॅशमध्ये जातो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस तिथे पडून असतो, इतर बऱ्याच गॅलरींत ३० दिवस. म्हणजे कुणीही 'ट्रॅश' उघडून बघू शकतं. तिथूनही काढा. मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, तुमचं गॅलरी किंवा फाइल मॅनेजर, स्टोरेज, 'क्लिअर कॅश'. साठवलेली जुनी थंबनेल जातील आणि उरलेल्या फोटोंचीच नव्याने होतील. लक्षात ठेवा, कॅश पुसायची आहे, डेटा नाही. ही दोन बटणं शेजारीशेजारी असतात आणि लॉक्ड फोल्डरचा इशारा मी आत्ताच दिलाय.

आठ. टॅब दुसऱ्याच्या हातात देताना अ‍ॅप पिन करा. सेटिंग्जच्या सिक्युरिटी भागात 'अ‍ॅप पिनिंग' चालू करा आणि सोडवताना पिन मागण्याचा पर्यायही चालू करा. मग यूट्यूब पिन करून दिलं की समोरच्याला फक्त यूट्यूब वापरता येतं. नोटिफिकेशन नाही, मागची अ‍ॅपही नाहीत. आजोबांसाठी आणि पाहुण्यांच्या लहान मुलांसाठी हे फार कामाचं आहे.

आयपॅड असणाऱ्यांसाठी थोडक्यात. घरगुती आयपॅडवर वेगवेगळे यूजर करता येत नाहीत. त्यामुळे तिथे बाकीच्या गोष्टी नीट कराव्या लागतात. फोटोजमधला 'हिडन' अल्बम आयपॅडओएस १६ पासून लॉक असतो. नोटिफिकेशनमध्ये 'शो प्रिव्ह्यूज' ला 'व्हेन अनलॉक्ड' निवडा. आयपॅडओएस १८ पासून अख्खं अ‍ॅप लॉक करता येतं. आणि अ‍ॅप पिनिंगसारखी सोय तिथे 'गाइडेड अ‍ॅक्सेस' नावाने आहे.

"लपवण्यासारखं आहे काय?"

आता सेटिंग्जच्या पलीकडचं. टॅबवर वेगळा यूजर केला की घरात पहिला प्रश्न येतो, "आपल्याच घरात पासवर्ड कशाला? लपवण्यासारखं आहे काय?"

या प्रश्नाला मी चिडत नाही. आपल्याकडच्या घरांची रचनाच तशी आहे. एक डबा, एक कपाट, एक टीव्ही, तसाच एक टॅब. राज्यात महाज्योतीसारखी संस्था जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी मुलांना टॅब देते, तेव्हा तो कागदावर एका विद्यार्थ्याला मिळतो. पण घरात आला की तो घराचा होतो. त्यात वाईट काही नाही. एका टॅबवर चार माणसांची कामं होतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण जुन्या घरांतही खासगी जागा होती की. आजीची ट्रंक होती, तिची किल्ली कमरेला असायची. आलेलं पत्र ज्याच्या नावाचं त्यानेच फोडायचं, एवढी रीत बऱ्याच घरांत होती. आजीवर कुणी संशय घेतला नाही. टॅबवरचा वेगळा यूजर म्हणजे तीच ट्रंक. लपवणं आणि आपलं आपल्याकडे ठेवणं यात फरक आहे.

कायद्याचंही सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. पण त्याच कायद्यात म्हटलंय, की एखादी व्यक्ती वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते तिला हा कायदा लागू नाही. ते बरोबरच आहे, घरच्या फोटोंवर सरकारने नियम लावावेत असं कुणाला वाटेल? पण त्याचा अर्थ असा, की कंपनीने तुमची माहिती कशी सांभाळावी हे तो कायदा सांगेल, पुतण्याने काकूचा रिपोर्ट बघून काय करावं हे सांगणार नाही. उंबऱ्याच्या आतले नियम आपल्यालाच ठरवायचेत.

आणि ते ठरवताना बायकांचा विचार आधी करा. ताईंच्या प्रसंगात रिपोर्ट नवरा-बायको दोघांच्या उपचाराचा होता, व्हॉट्सअ‍ॅप मिस्टरांचं होतं, टॅब पुतण्याचा होता. चर्चा मात्र एकट्या ताईंची झाली. घरातल्या स्त्रीच्या नावावर बऱ्याचदा स्वतःचं उपकरण नसतं, तिचे कागद दुसऱ्याच्या मोबाइलवर येतात आणि तिसऱ्याच्या टॅबवर दिसतात. सेटिंग बदलायचा अधिकार तिच्याकडे नसतो, बोलणी मात्र तिला खावी लागतात. म्हणून आठ पायऱ्यांच्या आधीची एक पायरी सांगतो. घरात कुणाचे रिपोर्ट कुणाच्या मोबाइलवर येतात ते एकदा बसून बघा, आणि ज्याचा रिपोर्ट त्याच्या मोबाइलवर मागवा. लॅबवाले नंबर विचारतात तेव्हा फॉर्मवर पेशंटचाच नंबर द्या.

त्या पुतण्याचंही एक सांगायला हवं. त्याची काही चूक नाही. तो सहलीचे फोटो दाखवत होता. पण आपण मुलांना एवढं शिकवू शकतो, की दुसऱ्याचं काही चुकून समोर आलं तर बोट पुढे सरकवायचं आणि विषय तिथेच सोडायचा. हे सेटिंग कुठल्याच टॅबमध्ये येत नाही.

जाता जाता

सगळं करून झाल्यावर एक चाचणी घ्या. टॅब लॉक करा आणि दुसऱ्या मोबाइलवरून स्वतःला एक निरोप आणि एक कागदाचा फोटो पाठवा. लॉक स्क्रीनवर काय दिसतं ते बघा. मग पुतण्याच्या किंवा मुलाच्या यूजरमध्ये जा. गॅलरी, फाइल मॅनेजर, ट्रॅश आणि मागच्या अ‍ॅपची रांग, चारही उघडा. आपलं काही दिसलं तर वरची कुठली पायरी राहिली ते लगेच कळेल. पंधरा मिनिटांचं काम आहे, आज जेवण झाल्यावर करून टाका.

तुमच्या टॅबमध्ये मल्टिपल यूजर्सचा पर्याय सापडत नसेल तर कंपनी, मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती कळवा. स्क्रीनशॉट पाठवणार असाल तर त्यात नाव-नंबर दिसत नाही ना, ते आधी तपासा. पुढच्या भागात याच टॅबवर मुलांच्या अभ्यासाची अ‍ॅप कुठल्या कुठल्या परवानग्या मागतात आणि त्यातल्या किती खरंच लागतात, ते बघू. तोवर, काळजी घ्या, एकमेकांची पण.